जिन्यावरच्या रबरी पट्ट्या: आठ महिन्यांनंतर

आमच्या जिन्याला 14 पायऱ्या आणि प्रत्येकीवर काळी रबरी पट्टी. आठ महिन्यांपूर्वी त्या इतक्या पांढुरक्या नि कळाहीन झाल्या होत्या की सगळ्या उखडून नव्या बसवायचं जवळपास ठरलं होतं. आज त्यातल्या 12 जुन्याच आहेत आणि छान दिसतात.

तो पांढुरकेपणा म्हणजे नुसती धूळ नसते. ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून ते बनवतानाच त्यात मेण घालतात, ते हळूहळू वर येऊन साचतं. मला हे ठाऊक नव्हतं. पहिली पट्टी तारेच्या घासणीने खसाखसा घासली, तिच्यावर बारीक ओरखडे उठले. आजही सगळ्यांत आधी मळते ती हीच पट्टी.

बाकीच्यांना कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे चार थेंब आणि मऊ नायलॉनचा ब्रश एवढंच पुरलं. आधी कोरडी धूळ काढायची, मग खाचांच्या दिशेने घासायचं. एका वेळी दोनच पायऱ्या घ्याव्यात, फेस वाळू देऊ नये. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसायचं. हे पुसणं टाळलंत तर सगळी मेहनत वाया: उरलेला साबण धूळ धरून ठेवतो आणि पाय ओला असला की पट्टी निसरडी होते. बादलीने पाणी मात्र ओतू नका. कडेतून खाली शिरलं की गोंद सुटतो.

चपलांचे काळे डाग चक्क खोडरबराने गेले. रॉकेल, थिनर लावू नका, रबर फुगतं.

चकाकीसाठी टायर पॉलिश बऱ्याच जणांनी सुचवलं. जिन्याआधी ते एका उरलेल्या तुकड्यावर लावून पाहिलं. मोजा घातलेला पाय ठेवताच सर्रकन घसरला. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असोत-नसोत, जिन्यावर ते लावूच नये.

तिसऱ्या महिन्यात पुसट पांढरी छटा परत आली. आता ती तशीच राहू देते, आठवड्याला ओलं फडकं फिरवलं की झालं.

दोन पट्ट्या बदलाव्याच लागल्या. त्यांच्या पुढच्या कडेवर अंगठा फिरवला तर उंचवटा हाताला लागतच नव्हता, तिथे साफसफाईचा काही उपयोग नाही. नव्या दोन सुरुवातीला फारच काळ्याभोर, वेगळ्याच उठून दिसायच्या. आता त्यांच्यावरही हलकी पांढरी छटा येऊ लागली आहे.