१९४३ची पोलादी पेनी घ्यावी की १९४४ची काडतुसाची?

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, संग्रहात हवी आहे आणि खिशात पैसे एकाच चांगल्या नाण्यापुरते आहेत, तर निवड दोघींत होते. एक १९४३ची, जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी. दुसरी १९४४ ते १९४६मधली, जिच्या धातूत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचं पितळ मिसळलं होतं. तांबं युद्धाला लागत होतं म्हणून ही सगळी उठाठेव. आपल्याकडचा भोकाचा पैसाही त्याच १९४३ सालचा, आणि तोही धातू वाचवण्यासाठीच.

चित्र दोन्हींवर एकच: पुढे लिंकन, मागे गव्हाच्या दोन लोंब्या. त्यामुळे झीज बघायच्या जागाही त्याच. लिंकनच्या गालाचं हाड आणि जबडा आधी सपाट होतो. मागे लोंब्यांवरच्या बारीक रेषा पुसत जातात. वरच्या भागात रेषा अर्ध्याच उरल्या असतील तर नाणं व्हीजीच्या (‘व्हेरी गुड’, नावाने चांगली पण बरीच झिजलेली ग्रेड, म्हणजे दर्जा) आसपासचं. सगळ्या रेषा शाबूत आहेत, फक्त उंचवट्यांवर घासल्याची पुसट खूण आहे, तर एयू (जवळजवळ न वापरलेलं). तीही नसेल तर न वापरलेल्या नाण्यांचा एमएस-६० ते ७०चा पट्टा सुरू होतो; आकडा जितका मोठा तितकं नाणं चांगलं. इथवर दोघी बहिणी. पुढे त्यांचा स्वभाव फार वेगळा.

पोलादी पेनीत सगळा खेळ पृष्ठभागाचा. मूळ जस्ताची झळाळी निळसर-करडी, मऊ असते आणि नाणं दिव्याखाली फिरवलं की ती गोल गोल फिरते. बाजारात मात्र आरशासारख्या चकचकीत पोलादी पेन्या ढिगाने मिळतात. त्या बहुतेक नंतर पुन्हा मुलामा चढवलेल्या. ओळखायची सोपी जागा म्हणजे कड. टांकसाळीत आधी पत्र्यावर जस्त चढवलं जाई आणि मग त्यातून चकत्या कापल्या जात, म्हणून मूळ नाण्याच्या कडेला पोलाद उघडं असतं. गंज धरतो तोही बहुतेक वेळा तिथूनच. कडेवरही तेवढीच चकाकी असेल तर नाणं खाली ठेवा. विक्रेता ‘यूएनसी’ (न वापरलेलं) म्हणत असला तरी.

काडतुसाच्या पेनीत भाव ठरतो रंगावर. लाल, लालसर-तपकिरी, तपकिरी असे तीन वर्ग आहेत आणि एकाच ग्रेडच्या नाण्यात लालला जास्त पैसे पडतात. पण लाल म्हणजे टांकसाळीतून आलेला लाल. चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा सपाट गुलाबी नव्हे. ज्याला डागाळलेलं, करडं नाणं बघवत नाही, त्याने या पेनीकडे जावं. तिच्यावर काळाने चढणारा तपकिरी रंग शोभतो, पोलादाला म्हातारपण शोभत नाही.

आता दोष. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण ‘एरर’ म्हटलं की दहापट भाव मागता येतो. मी एकच प्रश्न विचारतो: हे ठसा (नाण्यावर चित्र उमटवणारा साचा) आणि कोरी चकती यांच्यामध्ये घडलं असेल का? उठावाची रेघ म्हणजे ठशाला गेलेला तडा. खोल गेलेली रेघ म्हणजे साधा ओरखडा, कितीही सुंदर असो. अक्षरं दुहेरी दिसत असतील तर भिंगातून त्यांचे कोपरे बघा. कोपऱ्यात स्वच्छ खाच पडून दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव दिसली तर ठसाच दुहेरी. बाजूला नुसती चपटी पायरी असेल, तर तो ठोकताना ठसा हलल्याचा परिणाम. त्याला जादा पैसे देऊ नयेत.

पोलाद कठीण, ठसे लवकर झिजत. त्यामुळे १९४३मधला ‘४’ पुसट झालेली नाणी भेटतात. मौज म्हणून ठीक. याउलट डेन्व्हरच्या टांकसाळीचं ‘डी’ दोनदा ठोकलं गेलेली १९४३ची पेनी ही खरी, नोंदलेली जात आहे. काडतुसाच्या बाजूला तिच्या तोडीची म्हणजे १९४४ची, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या ‘एस’वर ‘डी’ ठोकलेली. चांगल्या नमुन्यात ‘डी’च्या वर ‘एस’चा माथा डोकावतो.

आणि १९४३ची ती सुप्रसिद्ध तांब्याची पेनी? चुकून राहिलेल्या जुन्या चकत्यांवर उमटलेली मोजकी नाणी आहेत. डेन्व्हरची तर एकच ज्ञात आहे आणि २०१०मध्ये ती १७ लाख डॉलरला विकली गेली. तुमच्यासमोर आलेल्या नाण्याला आधी चुंबक लावा. चिकटलं तर पोलादावर तांब्याचा मुलामा. नाही चिकटलं तर वजन करा: तांब्याची ३.११ ग्रॅम, पोलादी सुमारे २.७ ग्रॅम. वजनही जुळलं तर ‘३’ बघा. अस्सल ‘३’चं शेपूट बाकीच्या आकड्यांच्या बरंच खाली उतरतं, १९४८चा ‘८’ कोरून केलेल्या ‘३’ला ते जमत नाही.

माझा कौल? मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर काडतुसाची घ्या, लाल, आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, तांबं हिरवं पडतं. दमट हवेत पोलादी पेनी सांभाळणं हे कायमचं काम होऊन बसतं: सिलिका जेल, बंद डबी, दर पावसाळ्यात धाकधूक. पुण्या-नागपुरात किंवा अमेरिकेतच असाल तर पोलादी जरूर घ्या. युद्धाची गोष्ट तीच जास्त थेट सांगते. फक्त दुर्मीळ समजून घेऊ नका. तिन्ही टांकसाळी मिळून १०९ कोटींहून जास्त पाडल्या गेल्या आणि झिजलेलं नाणं आजही डॉलरच्या आत मिळतं. म्हणून पैसे घालायचेच तर एमएस-६५च्या वरच्या, मूळ झळाळीच्या नाण्यावर घाला. ‘डी’वर ‘डी’ किंवा ‘एस’वर ‘डी’ घ्यायची असेल तर नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग संस्थेच्या सीलबंद स्लॅबमधलीच (प्लॅस्टिकच्या डबीतलीच) घ्या, आणि लेबलवर त्या जातीचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. नुसतं ‘१९४४-डी’ लिहिलेलं असेल तर भाव साध्या नाण्याचाच द्या.