पायथनचं डेसिमल मॉड्यूल : आठ महिने डेअरीच्या बिलाला वापरून झाल्यावर

पॉइंटवाल्या आकड्यांच्या हिशेबाचा हा तयार कोड. फुकट आहे, पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, त्यामुळे पैसे वसूल झाले का वगैरे विचारू नका. साडेतीन स्टार देतोय. दीड का कापले ते खाली येईलच.

मामाचं फलटणजवळ दूध संकलन केंद्र आहे, दोन्ही टायमाला दीडशेएक उत्पादक दूध घालतात. लॉकडाऊनमध्ये घरी बसून मीच त्याला प्रोग्राम करून दिलेला. लिटर टाका, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) टाका, दरपत्रकातून दर उचलतो, गुणाकार करून पावती काढतो आणि दर दहा दिवसांनी पशुखाद्य, उचल वगैरे कापून बिल. सगळं साध्या फ्लोटमध्ये. पॉइंट असलेला आकडा म्हणजे फ्लोट, कॉलेजात तेवढंच शिकवलेलं, डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

मग मागच्या दिवाळीच्या आधी एक आजी केंद्रावर येऊन मामाला जाम बोलून गेल्या. उचल सगळी फिटलेली, शेवटचा हप्ता बिलातनं कापलेला, आणि तरी थकबाकीच्या यादीत नाव. बाकी किती तर ०.०० रुपये! मामाचा मला फोन, "अरे शून्य रुपये बाकी असलेला माणूस थकबाकीदार कसा रे?" मी म्हणालो बघतो. बघितलं तर शून्य नव्हतंच ते, शून्याच्या पुढे बरीच शून्यं आणि मग कुठेतरी एक बारीक आकडा. स्क्रीनवर दोनच घरं दाखवत होतो म्हणून दिसत नव्हता, पण प्रोग्राम विचारतोय "बाकी शून्य आहे का" आणि उत्तर येतंय नाही.

ज्यांना हे माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. पायथनचा दोष नाही हा, जावास्क्रिप्टमध्येही तेच येईल, कारण जवळपास सगळीकडे आयट्रिपलई ७५४ हेच १९८५ चं स्टँडर्ड चालतं. ६४ बिटांत आकडा बसवायचा, तोही दोनाच्या घातांमध्ये. आपल्याला १ भागिले ३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ लिहीतच बसावं लागतं, तसंच मशीनला एक दशांश बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही. मग ते जवळात जवळचा आकडा ठेवतं. अर्धा, पाव, अर्धपाव मात्र बरोब्बर बसतात, म्हणजे आपले जुने मापवाले मशीनला जास्त जवळचे म्हणायचे.

गंमत म्हणजे मामाचा टेबलावरचा कॅल्क्युलेटर या भानगडीत पडतच नाही, बहुतेक कॅल्क्युलेटर आतून दशमानातच मोजतात. माझ्या प्रोग्रामची पावती मामा दर वेळी कॅल्क्युलेटरवर तपासायचा तेव्हा मला राग यायचा.

तर डेसिमल मॉड्यूल. २००४ मध्ये पायथन २.४ बरोबर आलं, आपण हातानं कागदावर करतो तसं दशमानात मोजतं, मुळात २८ अंकांपर्यंत, पाहिजे तर वाढवता येतं. ०.१ म्हणजे ०.१ च. आजींचं नाव यादीतून गेलं (जुना डेटा आधी दुरुस्त करावा लागला, त्याचं पुढे सांगतो).

पण मला खरं आवडलं ते राउंडिंग. अडीच लिटर दूध, दर ३५.२५, गुणाकार ८८.१२५. हा आकडा फ्लोटमध्येसुद्धा अचूक बसतो, अर्धपाववाला आहे ना. तरी पायथनचं साधं राउंड त्याचं ८८.१२ करतं आणि मामा म्हणतो ८८.१३. कारण पायथन बरोबर मध्यावर असलेला आकडा शेजारच्या सम अंकाकडे ढकलतं, बँकर्स राउंडिंग म्हणतात त्याला. म्हणजे इथे फ्लोटला शिव्या देऊन उपयोग नाही, नियमच वेगळा आहे. आणि डेसिमलचं क्वांटाइझसुद्धा (ठरलेल्या घरांपर्यंत गोल करणारं फंक्शन) तुम्ही काही सांगितलं नाही तर हेच करतं! हे माहीत नसल्यामुळे माझे दोन दिवस गेले, डेसिमल लावूनही एका पैशाचा फरक जाईना. राउंड हाफ अप, म्हणजे मध्यावरचा आकडा वरच ढकल, असं स्पष्ट सांगितलं तेव्हा मामाचा आणि माझा आकडा जुळला. असे एकूण आठ प्रकार दिलेत, निवड तुमची. मामा तूप विकतो त्याच्या बिलालाही हे कामाला आलं, जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये पन्नास पैसे किंवा जास्त असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्या असं आहे. साध्या राउंडला साडेबारा दिले तर ते बारा करतं, कायद्यानं तेरा पाहिजेत.

दुसरी चांगली गोष्ट, डेसिमल आणि फ्लोट एकत्र बेरजेला दिले की सरळ एरर मारतं. सुरुवातीला वैताग येतो, पण त्यामुळेच कोडमध्ये कुठे कुठे फ्लोट लपून बसलेत ते सापडलं. मात्र तुलना करताना गप्प बसतं. डेसिमलचा ०.१ आणि फ्लोटचा ०.१ सारखे आहेत का विचारलं तर नाही म्हणतं आणि पुढे जातं, एरर नाही काही नाही. अर्धा स्टार इथे कापला.

मोठा खड्डा म्हणजे कोट (अवतरणचिन्हं) विसरणे. डेसिमल बनवताना ०.१ कोटात दिलं, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून, तर बरोबर. कोटाशिवाय दिलं तर आधी त्याचा फ्लोट होतो आणि मग डेसिमल इमानदारीत त्या फ्लोटची सगळी घाण जशीच्या तशी दाखवतं, ०.१००००००००००००००००५५५१११५ आणि पुढे बरंच काही. पहिल्या दिवशी मी हेच केलं आणि म्हणालो काय फालतू मॉड्यूल आहे. आणखी अर्धा स्टार, कारण इतक्या सोप्या चुकीवर काहीतरी बोलायला पाहिजे होतं (फ्लोट आला की ओरड अशी सेटिंग आहे, लहान-मोठं बघणाऱ्या तुलनेलाही चालते, पण सारखे आहेत का विचारलं तर तरीही गप्पच, आणि मुळात बंद असते).

उरलेला अर्धा किरकोळ त्रासांचा. जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात तो फॉरमॅट) पाठवायला गेलं की डेसिमल घेत नाही, स्ट्रिंग करून पाठवा. नॉर्मलाइझ नावाचं, शेवटची शून्यं काढणारं फंक्शन उगाच वापरलं तर एका उत्पादकाच्या शंभर रुपयांच्या बिलावर १ई+२ छापून आलं, मामा म्हणाला हे काय, गणिताचा पेपर आहे का. आणि एसक्यूलाइट या डेटाबेसला डेसिमल कळतच नाही, कॉलमचा प्रकार डेसिमल लिहिला तरी आत पॉइंटवाला आकडा रिअल म्हणजे फ्लोट म्हणूनच जातो. म्हणून मी आता पैसे म्हणून पूर्णांकच ठेवतो, ८८.१३ चे ८८१३. पोस्टग्रेस, मायएसक्यूएलवाल्यांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे न्यूमेरिक आणि डेसिमल आहेत. स्पीडचं म्हणाल तर २०१२ ला पायथन ३.३ मध्ये हे सी भाषेत नव्याने लिहिलं, फ्लोटपेक्षा हळूच आहे पण डेअरीच्या बिलाला काही जाणवत नाही.

मग सगळंच पैशात पूर्णांक का नाही, असं एक मित्र म्हणाला. नुसतं किराणा दुकान असतं तर मीही तेच केलं असतं, पण इथे लिटरही पॉइंटमध्ये, दरही पॉइंटमध्ये, फॅट पण पॉइंटमध्ये, गुणाकार केला की तीन-चार घरं येतात आणि कुठे गोल करायचं ते शेवटी ठरवायचं असतं. शिवाय रुपयांचे पैसे करताना पण माणूस पडतो. फ्लोटमध्ये ४.३५ गुणिले १०० केलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, आणि इंट (पॉइंटच्या पुढचं कापणारं फंक्शन) लावला की ४३४. एक पैसा गायब, आणि जातो तो दर वेळी एकाच बाजूला. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू केला होता, प्रत्येक हिशेबाला तिसऱ्या घरानंतरचं नुसतं कापून टाकायचे, गोल करत नव्हते. १९८३ च्या शेवटी तो ५२० च्या आसपास आला होता, नीट मोजल्यावर १०९८ निघाला! आमच्याकडे तर दिवसाला तीनशे पावत्या फाटतात.

जुना डेटा असेल तर फ्लोट सरळ डेसिमलला देऊ नका. आधी स्ट्रिंग करा, मग डेसिमल, मग दोन घरांना क्वांटाइझ. मी तसा एका रविवारी सगळा कन्व्हर्ट केला तर आजींच्या सोबत आणखी तिघांची नावं थकबाकीतून गेली, त्यातला एक तर मामा स्वतः होता.