बाझँचा जुना फ्रेंच गज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फ्रान्समधल्या मिरकूरचा गज-कारागीर शार्ल निकोला बाझँ (1847–1915) याच्या कारखान्यातला व्हायोलिनचा गज. पर्नांबुको या ब्राझीलच्या लाकडाची गोल दांडी, एबनीचा फ्रॉग (हाताकडचा, केस धरून ठेवणारा सरकता ठोकळा), चांदीचं काम, वजन 60.5 ग्रॅम. मे ते जानेवारी, पुण्यात, रोज साधारण दोन तास वापर.

तारेवर टेकवताना ‘खट्’ होत नाही. सुरुवातच स्वरात होते. विलंबितात एकच गज दहा-बारा सेकंद ओढला तरी मधे थरथर नाही. स्पिकाटो (तारेवर उसळवत वाजवलेला गज) मध्याच्या किंचित खाली आपोआप उडतो. उणीव टोकाकडे आहे. तिथे जोर लावला की दांडी केसांना टेकते. व्वारँ या फ्रेंच गज-कारागिराच्या वळणाच्या सडपातळ दांड्यांचा हा स्वभावच. जोरकस हात असेल तर घेऊ नका.

घेताना शिक्क्यावर भाळू नये. या कारखान्याने दुकानदारांच्या नावाचे शिक्के मारूनही गज पुरवले, आणि खोटा शिक्का मारणं काही अवघड नसतं. आधी गजाच्या टोकाचं डोकं बघा: भिंगाखाली, तिरप्या उजेडात, केसांच्या खाचेपासून मानेकडे जाणारी रेघ आहे का. डोकं फुटून जोडलेलं असेल तर वाजतं ठीक, पण किंमत निम्म्याच्याही खाली येते. मग फ्रॉग काढून दांडीतली खाच आणि बटणाकडचं (केस ताणायच्या स्क्रूच्या मुठीकडचं) टोक तपासा. तिथे चीर असू शकते आणि फ्रॉग-बटण बसवलेलं असताना ती सहसा दिसत नाही. फ्रॉग डुगडुगत असेल तर तो दुसऱ्याच गजाचा असण्याची शक्यता धरा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर घाबरू नका, आतली पितळी कडी झिजलेली असते, ती बदलता येते.

वजनाचा आकडाही फसवा. पकडीजवळ दांडीवर असलेली चांदीच्या तारेची गुंडाळी काढून हलकी लावली की दोन-तीन ग्रॅम सहज कमी होतात आणि तोल टोकाकडे सरकतो. म्हणून काट्यावर न जाता हातात धरून, आपल्याच व्हायोलिनवर, दोन-तीन गज आलटूनपालटून वाजवा.

टोकाची पांढरी पट्टी हस्तिदंती आहे का ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या. भारतात हस्तिदंत आणणं बेकायदा आहे. हाडाची किंवा चांदीची पट्टी असलेला गज घेतलेला बरा. पर्नांबुको 2007 पासून साइटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा कागद जपून ठेवा.

खरी परीक्षा पावसाळ्यात. दमट हवेत केस लांबतात, फ्रॉग मागे सरकतो, तोल बिघडतो. तरीही केस ऐन जुलैत बदलून घेऊ नयेत. ओल्या हवेत बेताने कापलेले केस डिसेंबरात आखडतात, स्क्रू पूर्ण सैल करूनही ताण सुटत नाही आणि दांडी वाकते किंवा डोकं जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबर योग्य. नाइलाज असेल तर कारागिराला फ्रॉगपुढे तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी ठेवायला सांगा. वाजवून झाल्यावर केस दांडीला टेकेपर्यंत सैल करायचे, रोज, न चुकता.

व्हायोलिनची पेटी महिनाभर बंद राहिली आणि उघडल्यावर चार-पाच केस तुटलेले दिसले, तर दोष केसांचा नाही. पेटीच्या अस्तरातल्या किड्यांच्या अळ्या ते खातात. अस्तर व्हॅक्यूमने साफ करा आणि पेटी दोन तास उन्हात उघडी ठेवा. गज मात्र सावलीत.