त्स्फात: अर्ध्या दिवसाच्या पायी सहलीचा अनुभव

उत्तर इस्रायलमधील गालील प्रांतात, सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले त्स्फात हे जेरुसलेम, हेब्रोन आणि तिबेरियास यांच्यासह ज्यू धर्मातील चार पवित्र नगरांपैकी एक मानले जाते. तेथील जुन्या वस्तीतून वाटाड्यासह फिरवणाऱ्या एका स्थानिक सेवेची सहल आम्ही घेतली. गूढविद्येचे आचार्य आयझॅक लुरिया 1570 मध्ये येथे आले आणि 1572 मध्ये वारले. अवघ्या दोन वर्षांच्या या वास्तव्याने कबालाची, म्हणजे ज्यू गूढविद्येची, दिशा कशी बदलली, हे वाटाड्याने 1837 च्या भूकंपानंतर पुन्हा उभारलेल्या आरी (लुरियांचेच उपनाव) सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, बसून फार सुबोधपणे सांगितले. येथेच राहिलेले सोळाव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्री योसेफ कारो यांच्या धर्मसंहितेला मात्र घाईघाईत पाच मिनिटे मिळाली, हे खटकले.

आमची खरी चूक वाराची होती. शुक्रवारी दुपारी पोहोचल्यामुळे सहल संपता संपता दुकाने मिटू लागली आणि परतीची बस मिळाली नाही. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शनिवारी रात्री संपेपर्यंत सार्वजनिक वाहतूक बंदच असते, ही सूचना आरक्षणाच्या वेळीच मिळायला हवी होती. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या कोकणातील बेने इस्रायली ज्यूंना ‘शनिवार तेली’ का म्हणत, हे तेव्हा नीट उमगले. रविवार ते गुरुवार यांपैकी एखादी सकाळ निवडावी, खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि दगडी पायऱ्यांचे चढउतार असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी ही सहल टाळावी.