कार्यालयीन पत्रलेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा: एक अभिप्राय

आमच्या सहकारी पतसंस्थेने निरनिराळ्या शाखांतील अकरा जणांना पुण्यातील कार्यालयीन पत्रलेखनाच्या कार्यशाळेला पाठवले होते. माणशी साडेतीन हजार रुपये शुल्क होते व त्यात दुपारचे जेवण धरलेले होते. एकोणीस वर्षे कर्जवसुलीची पत्रे लिहीत आल्यामुळे मला तेथे नवीन काही मिळेल असे वाटत नव्हते. पहिल्याच दुपारी तो समज गळून पडला.

प्रशिक्षिकाबाईंनी छापील नमुने बाजूला ठेवून आम्ही सोबत नेलेलीच पत्रे तपासायला घेतली. माझ्या पत्रात ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, वारंवार सूचना देऊनही आपणांकडून थकबाकीबाबत कोणतीही कार्यवाही झाल्याचे दिसून येत नाही, तरी योग्य ती कार्यवाही त्वरित करण्यात यावी’ असे एकच वाक्य होते. किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोठे भरायचे हे यात दाखवा, असे त्या म्हणाल्या आणि मला ते दाखवता आले नाही. अर्ध्या तासाने तेच पत्र असे झाले: ‘आपल्या कर्जखात्याचे जून ते ऑगस्टचे तीन हप्ते, एकूण १८,६०० रुपये, थकले आहेत. ही रक्कम १५ सप्टेंबरपर्यंत शाखेत भरावी. अडचण असल्यास त्याआधी शाखा व्यवस्थापकांना भेटावे.’ ‘कळविण्यात येते’, ‘करण्यात यावी’ अशा रचनेत कर्ता दिसेनासा होतो आणि त्याबरोबर काम कोणी करायचे हेही पुसले जाते. कर्तरी-कर्मणी प्रयोग शाळेत पाठ केले होते, पण ते आपल्या टेबलावरच्या कागदाला असे लागू पडतात हे कधी ध्यानात आले नव्हते.

पारिभाषिक शब्दांविषयीची त्यांची भूमिकाही मला मनापासून पटली. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचा ‘शासन व्यवहार कोश’ त्यांनी हाताशी ठेवला होता. ‘पोच’, ‘अनुपालन’, ‘प्रलंबित’ हे शब्द आता रुळलेले आहेत, ते टाकण्याचे कारण नाही, दोष बहुधा वाक्याच्या बांधणीत असतो, हे त्यांनी आमच्याच कागदांवर दाखवले. टिपणीत प्रस्ताव व लागणारी रक्कम आधी आणि पूर्वपीठिका नंतर, ही त्यांची शिस्त आमच्या शाखेत लगेच सुरू झाली आहे.

दुसऱ्या दिवशीचे ईमेलचे सत्र मात्र निराशाजनक होते. वेगळ्या व्याख्यात्यांनी पडद्यावरचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवला. विषयाची ओळ कशी लिहावी, प्रत कोणाला पाठवावी, सोबतच्या कागदाचा उल्लेख कोठे करावा, या रोजच्या प्रश्नांना त्यांनी स्पर्शही केला नाही. कार्यशाळेनंतर महिनाभर पत्रे तपासून देण्याचे आश्वासन होते. मी पाठवलेल्या तीन पत्रांपैकी एकच परत आले. एवढ्या शुल्कात ही हयगय खटकते.

तरीही पहिल्या दिवसासाठी मी इतर शाखांतील सहकाऱ्यांना तेथे जाण्यास सांगेन. जाताना आपली पाच-सहा खरी पत्रे, सभासदांची नावे व खातेक्रमांक खोडून, अवश्य न्यावीत. आमच्यापैकी जे रिकाम्या हाताने आले होते, त्यांना दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पाहत बसावे लागले.