हिराकसाऐवजी दाणेदार कॅटलिस्ट: भोसरी-चाकणच्या ईटीपीत (कारखान्यांच्या सांडपाणी प्रकल्पांत) कितपत कामाचा?

पेरॉक्साइडने सांडपाणी साफ करताना त्याला चालना द्यायला हिराकस (फेरस सल्फेट) टाकतात. त्याऐवजी हा कॅटलिस्ट, म्हणजे सक्रिय कोळशावर लोह बसवलेला दाणेदार माल. कॉलममध्ये भरायचा आणि आम्लधर्मी सांडपाण्यात पेरॉक्साइड मिसळून वरून सोडायचं. विकणाऱ्याचा दावा: गाळ नाही. हे बऱ्यापैकी खरं आहे.

हिराकसाचा हिशोब बघा. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन. लिटरमागे 2,000 मिलिग्रॅम सीओडीच्या एक घनमीटर पाण्याला पूर्ण ऑक्सिडेशनसाठी सव्वाचार किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं, म्हणजे 50 टक्क्यांचं साडेआठ किलो. पेरॉक्साइडच्या एक दशांश लोह धरलं तर दोन किलोंवर हिराकस आणि चुना टाकल्यावर लोहाचाच जवळपास 0.8 किलो कोरडा गाळ. फिल्टर प्रेसमधून निघतो तेव्हा त्यात पाणीच जास्त, आणि रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात तो वजनावर पैसे मोजून जातो. इथे हा माल पैसे वाचवतो.

पण डेमोला भुलू नका. नवा कोळसा सुरुवातीला प्रदूषक नुसता शोषून घेतो, आणि सीओडी उतरलेला दिसला की ऑर्डर निघते. आधी पेरॉक्साइड बंद ठेवून तेच पाणी सोडा. आउटलेटचा सीओडी इनलेटएवढा झाला की मगच पेरॉक्साइड सुरू करून मोजा. त्यानंतर जो फरक दिसेल तीच कॅटलिस्टची कमाई. कॉलममध्ये फसाफसा बुडबुडे येत असतील तर खूश होऊ नका, कोळसा पेरॉक्साइड फुकट फोडून नुसता ऑक्सिजन काढतोय.

दुसरी गफलत प्रयोगशाळेत होते. उरलेलं पेरॉक्साइड सीओडी चाचणीतलं डायक्रोमेट खातं. एक मिलिग्रॅममागे 0.47 मिलिग्रॅमपर्यंत खोटा सीओडी चढतो. नमुन्याच्या आम्लधर्मी थेंबात स्टार्च-आयोडाइड पट्टी बुडवा. निळी-काळी झाली तर पेरॉक्साइड उरलंय, आधी ते संपवा. त्यासाठी टाकलेलं बायसल्फाइट जास्त पडलं तर तेही सीओडीत मोजलं जातं, म्हणून कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) बरं. तेच पेरॉक्साइड एरेशन टाकीत गेलं तर जिवाणू मरतात.

पीएच 3 च्या आसपास हवा. त्याहून खाली नेलात तर दाण्यांतलं लोह निसटतं, म्हणून आउटलेटचं लोह दर आठवड्याला तपासा. तेलकट कूलंटच्या पाण्याला हा माल घेऊच नका, दाणे लिंपून बसतात.

आणि डोसिंग पंप सावलीत बसवा. एप्रिलच्या दुपारी पेरॉक्साइड वायू सोडतं, पंपाच्या डोक्यात बुडबुडा अडकतो. टकटक चालू राहते, नळीतून थेंब पडत नाही. हवा काढायचा व्हॉल्व्ह असलेला पंपच मागा.