एमओटीच्या नोंदींवरून जुनी पोर्श पारखताना

ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की तिची दर वर्षी एमओटी नावाची सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते, आणि इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील २००५ पासूनच्या तपासण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर केवळ गाडीचा नंबर टाकून कोणालाही फुकट पाहता येतात. २०२२ च्या वसंतात मला जुनी पोर्श ९११ घ्यायची होती, तीही ९९७ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २००४ ते २०१२ या काळात विकल्या गेलेल्या पिढीतली. त्या शोधात सर्वांत जास्त उपयोग या नोंदींचा झाला. मात्र त्या कशा वाचायच्या हे कळायला मला बराच वेळ लागला.

नंबर टाकला की प्रत्येक तपासणीची तारीख, त्या दिवशीचा मैलांचा आकडा, पास की नापास, आणि खाली तपासनिसाने नोंदवलेले दोष असा उलट्या क्रमाने सगळा इतिहास उलगडतो. मे २०१८ पासून दोषांची किरकोळ, मोठे आणि धोकादायक अशी प्रतवारी केली जाते. त्याखेरीज ‘ॲडव्हायझरी’ असते. म्हणजे भाग अजून चालण्याजोगा आहे, पण लक्ष ठेवा, असा इशारा. नवखा माणूस आधी पास-नापास पाहतो, तसे मीही पाहिले. आता मात्र माझे ठाम मत झाले आहे की या पानावरची सर्वांत मोलाची माहिती ॲडव्हायझरीत असते, आणि तीसुद्धा एका वर्षाची वाचून पुरत नाही. मागच्या वर्षीच्या इशाऱ्याचे पुढच्या वर्षी काय झाले, हे पाहावे लागते.

दोन गाड्यांची नोंद समोरासमोर ठेवली तेव्हा हे माझ्या लक्षात आले. पहिली २००६ ची चंदेरी कॅरेरा (९११ चाच एक प्रकार) होती. ती एकदाही नापास झालेली नव्हती, आणि विक्रेता हेच पुन्हापुन्हा सांगत होता. पण २०१६ च्या तपासणीत तिचा आकडा ५४,३१० मैल होता आणि २०२१ मध्ये ५६,१८०. म्हणजे पाच वर्षांत ती दोन हजार मैलसुद्धा चालली नव्हती. २०१९ मध्ये मागच्या टायरांना भेगा पडल्याची ॲडव्हायझरी होती, २०२० मध्ये तीच, २०२१ मध्येही तीच, आणि तिच्या जोडीला दर वर्षी ब्रेकच्या डिस्कवर गंज असल्याचा शेरा. ज्या मालकाने एवढ्या महागड्या गाडीला तीन वर्षांत दोन टायर घेतले नाहीत, त्याने न दिसणाऱ्या भागांवर, तेलावर किंवा कूलंटवर वेळेवर खर्च केला असेल, असे मी कशाच्या आधारावर मानायचे? ‘जपून वापरलेली’ असे ज्या गाडीचे वर्णन केले जात होते, ती प्रत्यक्षात न वापरता ठेवून दिलेली होती.

दुसरी २००७ ची गडद निळी, ३.८ लिटर इंजिनाची कॅरेरा एस. ती दोनदा नापास झालेली होती. २०१४ मध्ये मागची डावी स्प्रिंग तुटलेली सापडली आणि दोन दिवसांत गाडी पुन्हा तपासून पास झाली. २०१८ मध्ये ब्रेकचा पाइप फार गंजल्यामुळे ती अडली आणि तिसऱ्या दिवशी सुटली. मागचे टायर आतल्या कडेने झिजल्याची सूचना दोनदा होती, पण दोन्ही वेळा पुढच्या वर्षी ती गायब झालेली दिसली. (या गाड्यांची मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे टायर आतून आधी झिजतात.) दर वर्षी सुमारे सहा हजार मैल पडत होते आणि खरेदीच्या वेळी आकडा ९१,००० च्या आसपास होता. नापास झालेल्या गाडीची नोंद पाहून मला विश्वास वाटला, याचे घरच्यांना नवल वाटले. पण या मालकाने दाखवलेला प्रत्येक दोष काढला होता, हे तारखांवरूनच सिद्ध होत होते.

मैलांचे आकडे एका ओळीत लिहून काढणेही अत्यंत उपयोगी पडते. एखाद्या वर्षी आकडा खाली जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा मूळ चालीवर आला असेल, तर ती बहुधा टायपिंगची चूक असते. मात्र खाली गेलेला आकडा तिथूनच पुढे वाढत राहिला असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यायलाच हवा. अशा एका गाडीचा नाद मी फोनवरच सोडला.

आता या सेवेच्या मर्यादा, आणि या प्रकारच्या गाडीसाठी त्या फार मोठ्या आहेत. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती तपासलीच जात नाही. तपासनिसाला काही खोलून पाहण्याची मुभा नसते, म्हणून ९११ च्या पानांवर ‘खालची आच्छादने बसवलेली असल्याने काही भाग दिसले नाहीत’ अशा अर्थाचा शेरा वारंवार आढळतो. तो दोषाचा शेरा नाही, पण ज्या वर्षी तो आहे त्या वर्षीच्या कोऱ्या पानाचा अर्थ ‘दोष नव्हता’ असा न घेता ‘दिसला नाही’ असाच घ्यावा. शिवाय पहिल्या तीन वर्षांची नोंद नसते. २००८ पर्यंतच्या ९९७ इंजिनांबाबत दोन गोष्टींची चर्चा असते: इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या आतल्या एका फिरत्या दांड्याचे, बेअरिंग आणि सिलिंडरच्या आतील भिंतींवर पडणारे ओरखडे. याच इंजिनांपैकी नंतर बनलेल्यांतील बेअरिंग मोठे व बरेच भरवशाचे आहे, पण ते बदलायचे तर इंजिन पूर्ण उघडावे लागते. ओरखड्यांची तक्रार ३.८ लिटर इंजिनांत अधिक ऐकू येते. कॅरेराला २००९ च्या मॉडेलपासून इंजिनच नवे आले आणि त्यात तो शाफ्ट नाही. दुरुस्तीचा सर्वांत मोठा खर्च जिथे निघू शकतो, नेमके तिथे एमओटीचे पान मुके असते.

म्हणून निळी गाडी मी एका स्वतंत्र पोर्श-तज्ज्ञ मेकॅनिककडे दाखवली. रॅम्पवर घेऊन त्याने आच्छादने काढली, तेव्हा मागच्या बाजूला जुन्या काळपट पाइपांच्या शेजारी तांबूस रंगाचा एक नवा पाइप नव्या क्लिपांमध्ये नीट बसवलेला दिसला. २०१८ च्या त्या नोंदीचा पुरावा डोळ्यांसमोर होता. बोट फिरवले तर गंजाचा पोपडा कुठेच हाताला लागला नाही. त्यानंतर त्याने स्पार्क प्लगच्या छिद्रांतून बारीक कॅमेरा घालून सहाही सिलिंडर दाखवले. भिंती स्वच्छ होत्या, सहाव्या सिलिंडरची तर मी दोनदा पाहून घेतली. या तपासणीचे पैसे द्यावे लागले, पण त्यावर कोणी काटकसर करू नये, असे मला मनापासून वाटते.

सेवेविषयी दोन तक्रारी आहेत. तपासणी कोणत्या केंद्रात झाली हे पाहायला नोंदणीपत्रावरचा अकरा अंकी क्रमांक लागतो, जो खरेदीदाराकडे नसतो. आणि २०१८ च्या आधीच्या नोंदींत दोषांची प्रतवारी नसल्याने गांभीर्य शब्दांवरूनच ताडावे लागते. तरीही आपल्याकडे महाराष्ट्रात खाजगी मोटारीचे पुन्हा पासिंग पंधरा वर्षांनी होते, मधल्या काळात पीयूसीशिवाय काहीच तपासले जात नाही, आणि जुनी गाडी घेणारा विक्रेत्याच्या शब्दावर व ओळखीच्या मेकॅनिकवर विसंबतो. ते आठवले की या पानाची किंमत अधिकच जाणवते.

निळी गाडी मी घेतली. या मार्चमधील तपासणीत ती पास झाली, एकच ॲडव्हायझरी आली: पुढच्या डाव्या टायरची नक्षी मर्यादेजवळ. त्याच आठवड्यात मी पुढचे दोन्ही टायर बदलून घेतले. पुढच्या वर्षीच्या पानावर ती ओळ पुन्हा दिसता कामा नये.